दोन गालांना चालणारा साबण

नागपूरला धरमपेठेतल्या एका जनरल स्टोअर्समध्ये मी उभी हयात काढली, आणि ती खरोखरच उभ्याने काढली, कारण गिऱ्हाइकासमोर बसायची आमच्याकडे पद्धत नव्हती. त्या दुकानात दाढीचं सामान एक बाई विकायची. ती बाई मी. हे सांगितलं की आजही समोरचा माणूस हसतो आणि विचारतो, "तुम्हाला दाढीतलं काय कळायचं?"

कळायचं. वडील गिरणीतून घरी बसले तेव्हा त्यांच्या हातांना कंप सुटला होता. न्हाव्याकडे जायला ते तयार नसत. घरात आम्ही दोघंच. मग त्यांची दाढी मी करू लागले. म्हाताऱ्या गालाची कातडी ताणून कशी धरायची, हनुवटीखाली केस कोणत्या दिशेने वळतात, कोणत्या साबणाने डोळ्यांतून पाणी येतं आणि कोणत्याने माणूस डोळे मिटून पडून राहतो, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर शिकले. पुरुषाचा गाल मी हाताने ओळखला तो तेवढाच.

तरी दुकानात मी लागले होते ती रिबिनी, पिना, टिकल्या, पावडरी यांच्या काउंटरवर. तो दाराशी होता, मागे मोठा आरसा होता, दिवसभर बायकांच्या गप्पा कानांवर पडायच्या. दाढीच्या सामानावर मधुकर होता. मधुकर इतवारीचा, बोलका, केसांचा कोंबडा काढणारा. मालकांना आम्ही काकाजी म्हणत असू. काकाजींनी काही दिवस गल्ल्यावर बसून आमच्याकडे पाहिलं आणि एका सकाळी दोघांची अदलाबदल करून टाकली.

"मधुकर बायकांले हसवते," ते म्हणाले. "हसलेली बाई चार वस्तू जास्त नेते. आन् तुह्यासमोर, पोरी, माणसं भाव करत नाहीत. लाजतात."

त्यांचं म्हणणं बिनचूक निघालं. मला मात्र मधुकरचा फार हेवा वाटला. माझा आरसा त्याला मिळाला होता, माझ्या बायका त्याच्याकडे पाहून हसत होत्या, आणि मी आतल्या अंधाऱ्या बाजूला पात्यांच्या पाकिटांमागे उभी होते. समोरासमोरच काउंटर असल्यामुळे त्याचं सगळं मला दिसायचं. ज्याचा हेवा वाटतो तो माणूस दिवसभर नजरेसमोर असणं ही फार वाईट सोय आहे. पुढे मला ती आणखी एकदा भोगावी लागली, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आता थोडं साबणाविषयी. तेव्हा दाढीचा साबण तीन रूपांत यायचा. एक काडी, ती थेट ओल्या गालावर फिरवायची. दुसरी गोल वडी, ती वाटीत बसवून ब्रशने तिचा फेस काढायचा. तिसरी ट्यूब, ती साहेबलोक न्यायचे. बहुतेक माणसं वडी नाकाला लावून निवडत, आणि तिथेच फसत. कोरड्या वडीचा वास आणि तिच्या फेसाचा वास यांत फरक असतो. गरम पाण्यात साबण उलगडतो आणि मग आतलं खरं काय ते बाहेर येतं. शिवाय जो वास नाकाला भावतो तो कातडीला भावेलच असं नाही. लिंबाच्या जातीचे, लवंगेसारखे तिखट आणि पुदिन्यासारखे गार वास नाजूक कातडीला झोंबतात. आमच्या उन्हाळ्यात लोक गारवा हवा म्हणून पुदिन्याचा साबण नेत आणि घामोळ्यांसारखा चेहरा घेऊन परत येत. गडद गुलाबी किंवा हिरव्यागार वडीपासूनही नाजूक गालाने जपून राहावं, कारण वासाबरोबर रंगही झोंबतो.

म्हणून मी प्रत्येक प्रकारातली एक वडी फोडून नमुन्याला ठेवली होती. शेजारच्या चहावाल्याकडून थर्मासमध्ये गरम पाणी आणायचे. ज्याची कातडी नाजूक त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी गालासारखी पातळ असते, थोडा फेस लावायचा, जरा वेळाने धुवायचा आणि सांगायचं, "आज काही घेऊ नका. उद्या हात पाहा, मग या." काकाजींना हे अजिबात पटायचं नाही. आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाती पाठवणं त्यांच्या जिवावर यायचं. पण ती माणसं परत यायची, येताना शेजाऱ्यालाही आणायची, म्हणून ते गप्प राहिले.

सगळेच नाजूक नव्हते. शहराबाहेर ट्रक थांबतात त्या वाडीहून एक ट्रकमालक यायचे. दार उघडायच्या आधी त्यांचा आवाज आत यायचा.

"बाई, असा जबरदस्त वासाचा द्या का डिझेल मेलं पाहिजे."

मी दुकानातला सर्वांत उग्र साबण त्यांना द्यायचे. ते तो नुसत्या थंड पाण्याने चोळत, जुन्या पात्याने दाढी ओरबाडत, वर स्पिरिटचं लोशन थापत, आणि त्यांचा गाल जसाच्या तसा. संत्र्याच्या वासाचा साबण आला तेव्हा मात्र त्यांनी तो परत सरकवला. "नागपुरात राहून संत्र्याचा वास विकत घेऊ काय गा बाई मी?" बाईला गा म्हणणारे ते एकटेच. आमच्याकडे गा पुरुषाला म्हणतात.

एकदा ते असे बोलत असताना त्यांच्या मागे एक तरुण माणूस उभा होता. तो ट्रकमालकांच्या गालाकडे टक लावून पाहत होता. भुकेलेला माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे पाहतो तसं. त्याच्या स्वतःच्या गळ्यावर लाल पुरळ उठलं होतं आणि हनुवटीवर कागदाचा तुकडा रक्ताने चिकटला होता. ते देवतळे सर. एका कॉलेजात नवीनच लागले होते.

ट्रकमालक गेल्यावर ते पुढे आले आणि खाली बघत म्हणाले, "त्यांनी नेला तोच द्या."

"तो तुम्हाला चालणार नाही," मी म्हटलं.

"त्यांना चालतो."

"त्यांना काहीही चालेल."

तेव्हा ते हसले. हसताना गळा ताणला गेला आणि त्यांनी कळ आल्यासारखा चेहरा केला. मग हळूहळू सगळं सांगितलं. दाढी केली की चेहरा पेटायचा, नाही केली तर प्राचार्य विचारायचे. वर्गात पोरांनी त्यांना लालबावटा नाव ठेवलं होतं. फळ्याकडे तोंड करून शिकवायची त्यांना सवय लागली होती. न्हावी झाले, मलमं झाली, एका डॉक्टरांनी वास नसलेला साबण लिहून दिला होता, त्याने बरं वाटलं होतं.

"मग तोच का नाही वापरत?"

त्यांनी हनुवटीवरचा कागद चाचपला. "हसाल तुम्ही. बिनवासाच्या साबणाने दाढी केली की आजारी माणसाची दाढी केल्यासारखी वाटते. सकाळी खोलीत एकटा असतो मी. मेसचं जेवण, खोलीचं भाडं, पोरांच्या वह्या. दिवसाची सुरुवात तेवढी चांगल्या वासाने व्हावी असं वाटतं."

मी हसले नाही. आजारी माणसाची दाढी मी रोज करत होते.

त्यांच्यासाठी साबण शोधण्यात पावसाळा गेला आणि थंडी लागली. दर शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की ते यायचे, बाही दुमडायचे आणि हात काउंटरवर ठेवायचे. मी ब्रशने फेस लावायचे. गुलाबाने त्यांचा हात तासाभरात लाल झाला. मोगऱ्याने खाज सुटली. लव्हेंडर हातावर चाललं पण गळ्यावर चाललं नाही. नुसता साबण बदलून भागणार नव्हतं, म्हणून बाकीचंही मी सांगायचे. आधी गरम पाण्याचा टॉवेल ठेवा. फेस गालावर थोडा वेळ राहू द्या, लगेच पातं लावू नका. केसांच्या दिशेनेच फिरवा. उलटं फिरवून गुळगुळीत करायचा मोह सोडा. ते सगळं नीट ऐकत आणि पुढच्या शनिवारी काय झालं ते तितकंच नीट सांगत. कोणत्या वासाने त्यांना काय होतं हे मला तोंडपाठ झालं.

मधुकर समोरून बघायचा. "काहून वं कमल, एवढा फेस तं मी कोणासाठी काढला नाही कधी."

"तुझ्याकडे काढायला फेस कुठे आहे? तू टिकल्या वीक."

शेवटी मी एका सोमवारी, दुकान बंद असतं त्या दिवशी, इतवारीत गेले. हातगाड्यांमधून वाट काढत, भांडीबाजार ओलांडून, एका बोळात ठोक सामानाचं दुकान होतं. तिथे चंदनाच्या वासाचा एक साबण मिळाला. कुठल्या तरी लहान कारखान्याचा, साय साकळल्यासारख्या रंगाचा, बटर पेपरात गुंडाळलेला. कोरडा असताना त्याला जवळजवळ वासच नव्हता. घरी येऊन मी वडिलांची दाढी त्याने केली. फेस झाल्याबरोबर चंदन उमललं. डोळे मिटून वडील म्हणाले, "कोण आलं?" एवढा तो वास माणसासारखा होता. दुपारपर्यंत तो उडूनही गेला. नाजूक कातडीला असाच वास हवा, येऊन निघून जाणारा.

सरांना तो चालला. आधी हातावर, मग एका गालावर, मग गळ्यावर. महिन्याभरात त्यांचा चेहरा निवळला. तेव्हा पहिल्यांदा कळलं की ते देखणे आहेत. ते कळायला नको होतं.

गरज संपली तरी ते शनिवारी यायचे. वडी तर महिनोन् महिने पुरते. कधी पाती न्यायला, कधी काहीच न्यायला नाही. कॉलेजातलं काही सांगत, वडिलांची विचारपूस करत. मला पहिल्या दिवसापासून ते कमलताई म्हणायचे. शुक्रवारी मी केस धुवायचे. याहून जास्त काही घडलं नाही. पण मधुकरच्या आरशात मला माझा काउंटर दिसायचा, आणि शनिवारी त्या आरशात मला मी आवडायचे.

मग एका शनिवारी ते पेढ्यांचा पुडा घेऊन आले.

"ठरलं," ते म्हणाले. "मुलगी अमरावतीची आहे. नलिनी नाव. खरं सांगू कमलताई, पाहायला गेलो तेव्हा तिच्या घरचे म्हणाले, मुलगा चांगला तजेलदार आहे. त्यातला अर्धा वाटा तुमचा."

मी पेढा तोंडात घातला आणि तो गिळेपर्यंत बोलावं लागणार नाही याचं बरं वाटलं. तो चेहरा मी एकेक वास बाजूला करत मोकळा केला होता. कुणीतरी तयार घरात सामान घेऊन राहायला यावं तशी ती येणार होती. तिला मी पाहिलेलं नव्हतं, तरी मला तिचा राग आला. तिच्या नावाचा, अमरावतीचा, पेढ्यांतल्या वेलदोड्याचासुद्धा. मी म्हटलं, "अभिनंदन सर," आणि पुडा काकाजींकडे पाठवला.

लग्नानंतर सरांनी बिऱ्हाड केलं, गावाहून आईला आणलं. तरी ते यायचे, पण घाईत. वडी आता लवकर संपायची. पूर्वीच्या दुप्पट वेगाने. हे माझ्या लक्षात आलं होतं. त्याचा अर्थ मात्र तेव्हा लावला नाही.

नलिनी पहिल्यांदा दुकानात आली ती मधुकरच्या काउंटरवर. सरांनीच दारातून हात करून ओळख करून दिली होती, त्यामुळे मला ती माहीत होती, तिला मी. उंच होती. चालणं शांत होतं. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता आणि एका बाजूने जरा वर ओढून धरला होता. तिने कोल्ड क्रीम मागितलं. मधुकरने दोन विनोद केले आणि महागातलं दिलं. आठवड्यातच ती परत आली, या वेळी मलम आणि पावडर न्यायला. मधुकर म्हणाला, "वहिनी, पदर काहून धरून राहिल्या? लागलं काय?" आणि तिने पदर जरा बाजूला केला.

आरशात मला तिचा गाल दिसला. उजवा. जबड्याच्या कडेने, कानाखालून, मानेपर्यंत बारीक लाल पुरळ होतं. काही ठिकाणी खाजवून कातडी सोलली होती. डावा गाल कोरा होता, ताज्या दुधासारखा.

"पाणी मानवत नाही म्हणतात आमच्या सासूबाई," ती म्हणाली. "माहेरी जाऊन राहा म्हणतात काही दिवस."

मधुकरने तिला आणखी एक क्रीम दिलं. मी समोर उभी राहून पाहत होते. पाणी मानवलं नाही तर दोन्ही गालांना मानवणार नाही. पावडर लागली असती तर नाकावर, कपाळावरही उठलं असतं. हे एकाच बाजूला होतं, आणि जिथे होतं ती जागा मला ओळखीची होती. पुरुष जिथे दाढी करतो ती ती जागा नव्हती. त्याचा दाढी केलेला गाल जिथे टेकतो ती जागा होती.

मला कळलं, आणि कळल्याबरोबर अंगातून असं काही गेलं की त्याला सभ्य शब्द माझ्याकडे नाही. चंदनाचा तो वास मी इतवारीच्या बोळातून शोधून आणला होता. तो रोज कुठे जाऊन विसावत होता, हे त्या गालावर मला सगळ्या दुकानासमोर दिसत होतं. दुसरं कुणी ते वाचू शकत नव्हतं. मधुकर नाही, सासूबाई नाहीत, डॉक्टरही नाहीत. तिला स्वतःला कळलेलं नव्हतं. मला एकटीला कळलं होतं.

मधुकरसमोर असलं बोलणं शक्य नव्हतं. ती निघून गेली. घरी आल्यावर मी पुष्कळ विचार केला. ती माहेरी जाईल. तिथे गाल आपोआप बरा होईल. सासूबाई म्हणतील, बघा, पाण्याचंच होतं. ती परत येईल, पुन्हा पुरळ उठेल, पुन्हा माहेर. सर शनिवारी एकटे येत राहतील. वडिलांना जेवायला वाढता वाढता हे सगळं मी त्यांना सांगून टाकलं. सरांचं नाव तेवढं घेतलं नाही. त्यांनी ताट जरा सरकवलं. मग म्हणाले, "त्या पोरीले सांग. नाईतं थे स्वतःच्या कातडीले दोष देत बसन."

दोनच दिवसांनी ती आली. माहेरी जायच्या आधी भाच्यांसाठी रिबिनी घ्यायला. मधुकर जेवायला गेला होता. मी तिला हाक मारली. वहिनी म्हणायला हवं होतं, ते माझ्या जिभेवर आलं नाही.

"जरा इकडे येता का?"

ती आली. जवळून गाल आणखी वाईट दिसत होता. मी विचारलं, "सर हल्ली दाढी कधी करतात?"

तिला प्रश्न विचित्र वाटला. "सकाळी. कॉलेजच्या आधी."

"फक्त सकाळी?"

तिने खाली पाहिलं. रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळलं. "संध्याकाळीही," ती म्हणाली. आणि मग डावा गालही लाल झाला.

मी आणखी काही विचारलं नाही. थर्मास उघडला, चंदनाच्या वडीवर ब्रश फिरवला आणि तिचा हात मागितला. "हा सरांचा साबण. हातावर लावते. उद्या सकाळी पाहा. काही झालं नाही तर खुशाल माहेरी जा."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच ती पायरीवर उभी होती. कोपराच्या आत फेस लावला होता तेवढा भाग लाल, फुगीर झाला होता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती रडत नव्हती. सुटल्यासारखी दिसत होती.

"म्हणजे पाणी नाही?"

"नाही."

"आणि मीही नाही," ती म्हणाली. "सासूबाई म्हणायला लागल्या होत्या की माझ्या रक्तातच काही असेल. माझ्या माहेरी विचारणार होत्या."

मी कुलूप काढलं. काकाजी यायला वेळ होता. आम्ही दोघी काउंटरच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो आणि साबण निवडायला लागलो. आता काम सोपं नव्हतं. दोन माणसांची कातडी सांभाळायची होती आणि त्यांतलं एक तिथे नव्हतं. पण त्याचं मला पाठ होतं. ती एखादी वडी उचलायची आणि मी म्हणायचे, "गुलाब नाही, त्यांचा हात लाल होतो. मोगऱ्याने खाज सुटते. हा गळ्यावर चालत नाही."

ती एकदम थांबली. "तुम्हाला त्यांचं इतकं सगळं कसं माहीत?"

"काउंटर आहे माझा."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला चटकन ओळखता आलं, कारण वर्षभर मी तेच घेऊन जगत होते. ती म्हणाली, "हा चंदनाचा वास तुम्हीच निवडला होता ना? लग्नाच्या पहिल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, छान आहे. तर म्हणाले, कमलताईंनी शोधलाय. मग मला तो आवडेनासा झाला. आणि आवडायचाही."

मी ब्रश धुतला, नीट पिळला.

"बिनवासाचा नेऊन बघा," मी म्हटलं. "दोघांनाही चालेल. पण सरांना तो आवडणार नाही."

"माहीत आहे मला. आजाऱ्यासारखं वाटतं त्यांना."

ते वाक्य त्यांनी तिलाही सांगितलं होतं. मला वाटत होतं ते माझ्यासाठीच होतं.

शेवटी एक वाळ्याचा साबण उरला. उन्हाळ्यात कूलरच्या ताट्यांना येतो तसला ओल्या मातीचा मंद वास. सरांच्या हातावर मी तो पूर्वी लावला होता, त्याने त्यांना काही झालं नव्हतं. फक्त मलाच तो त्यांच्यासाठी फार साधा वाटला होता म्हणून मी बाजूला ठेवला होता. नलिनीच्या दुसऱ्या हाताला लावला. दुसऱ्या दिवशी तो हात स्वच्छ होता. माहेरी जायचं तिने रद्द केलं. जाताना मी तिला सांगितलं की मलमं, क्रीमं सगळी बंद करा, गाल नुसता पाण्याने धुवा. हे ऐकून मधुकर माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. त्याचं गिऱ्हाईक मी पळवलं असं त्याचं म्हणणं होतं.

गाल बरा झाला. डाग राहिले नाहीत. सासूबाई स्वतः एकदा दुकानात येऊन साबण बघून गेल्या आणि काहीच न बोलता अर्धा डझन कपड्यांचे साबण घेऊन गेल्या. त्यांच्या परीने ते मान्य करणंच होतं.

सर मात्र त्यानंतर दुकानात आले नाहीत. साबण न्यायला नलिनी येऊ लागली. मला हे आधी सुचायला हवं होतं. ज्या साबणाचा तिच्या गालाशी संबंध आहे तो तीच निवडणार, तीच नेणार. शनिवारची दुपार मोकळी झाली. काही काळ मी सवयीने शुक्रवारी केस धुवत राहिले, मग कधीतरी रविवारी धुवायला लागले. रस्त्यात सर दिसले तर लांबून मान हलवत. त्यांच्या अंगाला आता वाळ्याचा वास येत असणार. माझ्यापर्यंत तो कधी आला नाही.

नलिनीशी माझं काय नातं होतं, हे मला सांगता येत नाही. मैत्री म्हणावं तर आम्ही कधी एकमेकींच्या घरी गेलो नाही. पण ती आली की बराच वेळ थांबायची. पहिल्या मुलाच्या वेळी तिला कुठलाच वास सोसेना, तेव्हा तिनेच येऊन बिनवासाची वडी नेली, आणि पाच महिने सर आजाऱ्यासारखी दाढी करत राहिले. माझे वडील गेले तेव्हा ती दुकानात आली, काउंटरच्या आत येऊन माझ्या शेजारी उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत मला वड्या पुसायला मदत केली. त्या दिवशीही तिच्या मंगळसूत्राकडे माझं लक्ष गेलंच. काय वाटायचं ते वाटणं थांबलं नाही, फक्त तिच्यासमोर ते गप्प राहायला शिकलं.

असं बरीच वर्षं चाललं. मधुकरने इतवारीत स्वतःचं दुकान टाकलं. त्याचा काउंटर मला परत मिळत होता, आरशासकट. मी नको म्हटलं. दाढीच्या सामानातच माझं नाव झालं होतं. डबा दाबला की फेस बाहेर पडतो अशी तयार क्रीमं आली, लोक बाही दुमडायचे बंद झाले, आणि आधी लावून बघा, उद्या या, हे कुणाला सांगितलं की माणूस दुसऱ्या दुकानात जायला लागला. मला अजून वाटतं की फेसाची ती चाचणी टिकायला हवी होती. चेहरे बिघडवून घेऊन माणसं उगाच वर्षं काढतात.

मग एका दुपारी नलिनी आली. केस कानाशी पांढरे झाले होते. मी सवयीने वाळ्याची वडी काढून काउंटरवर ठेवली. ती तिने हळूच माझ्याकडे परत सरकवली.

"आता नको," ती म्हणाली. "त्यांनी दाढी वाढवली आहे."

"काय?"

"म्हणाले, पुष्कळ झालं. सुट्टी लागल्यापासून केलीच नाही. आता छातीपर्यंत येईल असं वाटतंय."

मी वडी हातात घेऊन उभी राहिले. इतकी वर्षं त्या चेहऱ्याचं काय झालं, काय चाललं, हे मला साबणावरून कळत असे. तेवढा एक धागा होता, तोही संपला.

"कशी दिसते?" मी विचारलं.

नलिनीने विचार केला. पदर सारखा केला. "दिसते बरी," ती म्हणाली. मग उजव्या गालाला हात लावून, नकळत, अगदी हळू म्हणाली, "पण टोचते."

मी मान हलवली, वडी जागेवर ठेवली आणि शोकेसचं दार लावून घेतलं. काचेत आम्ही दोघी दिसत होतो. तिचा हात अजून गालावरच होता, आणि तो खाली यायची मी वाट पाहत राहिले.